यस म्हणायची एवढी कसली घाई?

परवा भाचा नवा लॅपटॉप घेऊन आला. "मामा, आत्याआजीच्या ओव्या तू ठेवल्यायस ना, तिथे मलाही जाता आलं पाहिजे."

घरच्यांना हे प्रकरण ठाऊक आहे. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. आत्या जात्यावर बसून ओव्या म्हणायची, त्या आम्ही टेपवर घेतल्या होत्या. आता त्याच्या फायली आणि घरचे सगळे फोटो एका भाड्याच्या छोट्या सर्व्हरवर आहेत. तिथे जायचं ते एसएसएचने. विंडोजवर पूर्वी त्यासाठी 'पुटी' उतरवून घ्यावं लागायचं. 2018 पासून विंडोज 10 मध्येच ओपनएसएसएच मिळू लागलं, त्यामुळे तीही कटकट संपली. भाच्याने काळी खिडकी उघडली, कमांड टाकली. पडद्यावर प्रश्न आला: या सर्व्हरची ओळख पटवता येत नाही, त्याच्या किल्लीचा ठसा अमुक अमुक आहे, पुढे जायचं का?

पठ्ठ्याने अर्ध्या सेकंदात 'यस' टाइप केलं.

"अरे, वाचलंस का काय विचारलंय ते?"

"त्यात काय वाचायचं? सगळे यसच करतात."

मंडळी, माझं भांडण या वाक्याशी आहे. भाच्याशी नाही, कारण तो खरंच बोलतोय. सगळे यसच करतात. पगार घेऊन सर्व्हर सांभाळणारेही.

एसएसएच दोन कामं करतं. वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून मजकूर गुंडाळून पाठवतं, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं काम म्हणजे समोर आहे तो खरंच आपलाच सर्व्हर आहे ना, याची खात्री. पहिल्या भेटीत ही खात्री मशीनला करता येत नाही, म्हणून ते तुम्हाला विचारतं. एकदाच. तुम्ही यस म्हटलंत की ती किल्ली 'नोन होस्ट्स' नावाच्या फायलीत जाते आणि पुढे जन्मभर तीच खरी मानली जाते. तिथे न बघता मान डोलावली, तर पाकिटाला लाख लावून सील करायचं आणि दारात जो उभा असेल त्याच्या हातात ठेवायचं, असा प्रकार होतो.

"किल्ली वापरली तर पासवर्ड जातच नाही ना?" असं कुणीतरी म्हणणारच. बरोबर आहे. किल्लीने केलेली सही त्या एका जोडणीपुरतीच असते, तोतयाला ती खऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही. पण तुम्ही तिथे चढवलेली फाइल तर त्याच्याच हातात पडली की! आणि एजंट फॉरवर्डिंग चालू असेल तर तेवढा वेळ तुमची किल्ली तोच वापरणार.

आता माझी लाज. काही वर्षांपूर्वी रात्रीच्या बॅकअपची एक स्क्रिप्ट मी लिहिली होती. ती प्रश्न विचारून अडायची, म्हणून कुठूनतरी दोन ओळी उचलून कॉन्फिगमध्ये टाकल्या. एक 'स्ट्रिक्ट होस्ट की चेकिंग'ला 'नो' म्हणणारी, दुसरी नोन होस्ट्सची फाइलच कचऱ्यात टाकणारी. गंमत बघा, नुसती पहिली ओळ असती आणि ओळखीच्या सर्व्हरची किल्ली बदललेली दिसली असती, तरी ओपनएसएसएचने पासवर्ड पाठवायला नकार दिला असता. दुसऱ्या ओळीने ते शेवटचं शहाणपणही काढून घेतलं. पुढे तो सर्व्हर मी सोडला, नवा घेतला आणि जुनी स्क्रिप्ट बंद करायला विसरलो. सोडलेला पत्ता दुसऱ्या कुणाला तरी मिळाला. तीन महिने रोज रात्री माझं मशीन त्या अनोळखी माणसाच्या दारात जाऊन माझा पासवर्ड सांगून येत होतं. अगदी नीट एन्क्रिप्ट करून!

आणि नव्या सर्व्हरचा पासवर्ड? तोच. आत्याच्या ओव्या तिथेच. कळलं त्या रात्री पासवर्ड बदलला. त्या माणसाने काही पाहिलं का, हे मला कधीच कळणार नाही.

"आपल्याकडे चोरण्यासारखं आहे काय?" हा घरातला आवडता प्रश्न. चोरीचं सोडा हो. कुणी पुसून टाकलं तर? आत्या आता पुन्हा म्हणणार आहे का?

1995 मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात नेटवर्कवरून पासवर्ड चोरले गेले, म्हणून तातू युलोनेन या माणसाने एसएसएच लिहिलं. आणि आपण तीस वर्षांनी तेच पासवर्ड आपल्या हाताने वाटतोय. 24 मार्च 2023 ला गिटहबने आपली आरएसए होस्ट की बदलली, कारण तिचा खाजगी भाग थोडा वेळ उघड्यावर पडला होता. जगभर पडद्यांवर मोठ्ठी धोक्याची सूचना आली. नवा ठसा त्यांनी जाहीर केला होता. तो ताडून पाहिलेले तुमच्या ओळखीत किती आहेत? माझ्या ओळखीतल्या बहुतेकांनी जुनी ओळ पुसली आणि पुन्हा यस.

एक मान्य करतो. त्रेचाळीस अक्षरांचा तो ठसा डोळ्यांनी ताडून बघा म्हणणं हा माणसांवर अन्यायच आहे. पण ओपनएसएसएच 8.0 पासून, म्हणजे 2019 पासून, तीही सबब उरली नाही. 'यस'च्या जागी ठसाच चिकटवायचा, जुळतो की नाही ते मशीन बघतं. हे इतक्या कमी लोकांना माहीत आहे की मला दर वेळी चीड येते.

तर भाच्याला जुनी नोंद पुसायला लावली. माझ्या मशीनवरून सर्व्हरवर गेलो, 'एसएसएच-कीजेन'ने ठसा काढला आणि त्याला पाठवला. त्याने चिकटवला. मशीनने पुन्हा तोच प्रश्न विचारला.

"जुळत नाहीये, मामा. आता करू यस?"

मी भलत्याच किल्लीचा ठसा पाठवला होता, आरएसएचा. हवा होता ईडी25519 चा. तो पाठवला, जुळला. भाचा मनसोक्त हसला आणि मग आम्ही पहिलीच फाइल लावली. सुरुवातीला बराच वेळ नुसती जात्याची घरघर आहे त्यात.