परस्परोपग्रह : तुरुंगाच्या भिंतीआड

एकमेकांवर उपकार करणे हे जीवद्रव्याचे कार्य होय, असे आचार्य उमास्वामींनी तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. व्यवहारात मात्र या विचाराचा अर्धाच भाग लक्षात राहतो. माणूस दाता आणि मुका प्राणी याचक, अशीच जीवदयेची कल्पना रूढ झाली आहे. अमेरिकेतील काही तुरुंगांत गेली चार दशके चाललेला एक उपक्रम उरलेल्या अर्ध्या भागाचे स्मरण करून देतो.

1981 साली वॉशिंग्टन राज्यातील गिग हार्बरजवळच्या महिला कारागृहात बेवारस कुत्री आणली गेली आणि त्यांना शिकविण्याचे काम बंदिवान स्त्रियांवर सोपविण्यात आले. ही कल्पना पॉलीन क्विन यांची. त्यांचे कोवळे वय निराधारपणात आणि निरनिराळ्या संस्थांच्या कोंडवाड्यात गेले होते. एका जर्मन शेफर्ड कुत्रीच्या सोबतीने त्यांना जगाला सामोरे जाण्याचे बळ मिळाले. पुढे त्या डोमिनिकन पंथाच्या संन्यासिनी झाल्या. त्यांना साथ दिली पशुवैद्यकाचे प्राध्यापक डॉ. लिओ बुस्टाड यांनी. दुसऱ्या महायुद्धात युद्धकैदी म्हणून दिवस काढल्याने बंदिवास म्हणजे काय, हे त्यांनाही ठाऊक होते. 1993 मध्ये ऑरेगन राज्यातील वुडबर्न येथील बालगुन्हेगारांच्या सुधारगृहातही असेच काम सुरू झाले.

निवारागृहात आलेल्या कुत्र्याला कोणी घर दिले नाही, तर तिकडे पुष्कळदा त्याला इंजेक्शन देऊन मारले जाते. अशी कुत्री बहुधा भेदरलेली असतात. हात उचलला की अंग चोरतात, नाही तर अंगावर येतात. त्यांचा विश्वास परत मिळवायला दिवसचे दिवस द्यावे लागतात, आणि बंदिवानापाशी वेळाखेरीज दुसरे धन नसते. त्याच वेळेचे येथे दान होते. बसणे, थांबणे, दोरीने शांतपणे चालणे येथपासून आरंभ होतो. जी कुत्री तयार होतात, ती पुढे चाकाच्या खुर्चीवरील माणसाला खाली पडलेली वस्तू उचलून देतात, दार उघडतात, दिव्याचे बटण दाबतात. उरलेली एखाद्या कुटुंबात सुखाने नांदतात. शिकविणाऱ्यालाही नकळत शिक्षण मिळते. रागाने ओरडले की कुत्रे दूर जाते, आवाज मृदू झाला की जवळ येते; क्रोधकषायाचे फळ याहून लवकर कोण दाखवून देईल?

तरीही श्रावकाने हा उपक्रम पारखूनच घ्यावा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार त्यासाठी पुरेसे आहेत : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मारझोड करून, उपाशी ठेवून किंवा गळपट्ट्याचा हिसका देऊन शिकविलेले कुत्रे आज्ञा पाळील, पण ती आज्ञा हिंसेतून आलेली असेल. आज अशा पुष्कळ ठिकाणी चांगल्या वर्तनाबद्दल खाऊ आणि शाबासकी देऊन शिकविले जाते आणि न झेपणारे काम कुत्र्यावर लादले जात नाही. अशा ठिकाणी हा उपक्रम कसोटीला उतरतो. तो खाऊ तिकडे बहुधा मांसमिश्रित असतो, हे श्रावकाला खटकणारच. ते झाकून ठेवण्याचे कारण नाही. बंदिवान सुधारतात या दाव्यालाही मर्यादा आहे. या कामासाठी मुळात चांगल्या वर्तनाचेच बंदिवान निवडले जातात, तेव्हा सारे श्रेय कुत्र्यांना देता येत नाही.

सर्वांत अवघड परीक्षा शेवटी येते. काही महिने जोपासलेले, हाक मारताच धावत येणारे ते कुत्रे तयार झाले की दुसऱ्याच्या स्वाधीन करावे लागते. ज्याच्यापाशी ‘माझे’ म्हणण्यासारखे काहीच उरलेले नाही, त्याने आपले एकुलते प्रेम सोडून द्यावे, हा अपरिग्रहाचा पाठ सोपा नव्हे. पुष्कळ बंदिवान रडतात, आणि दुसऱ्या दिवशी नवे भेदरलेले कुत्रे घेतात.

जैन वाचकाला येथे जीवंधरकुमाराची कथा आठवल्यावाचून राहणार नाही. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून मरेपर्यंत मार खाल्लेल्या कुत्र्याच्या कानात जीवंधराने णमोकार मंत्र सांगितला. ते कुत्रे सुदर्शन नावाचा यक्ष झाले. आणि पुढे काष्ठांगाराने जीवंधराला पकडून त्याच्या वधाची आज्ञा दिली, तेव्हा त्याच यक्षाने त्याला सोडवून नेले. एकाने दुसऱ्याला मरणाच्या वेळी आधार दिला, दुसऱ्याने पहिल्याला बंधनातून सोडविले. वादीभसिंहसूरींनी क्षत्रचूडामणीत वर्णिलेला हा उपकार दोन्ही बाजूंनी वाहणारा आहे.

प्राण्यांना आसरा देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. मुंबईची पांजरपोळ 1834 मध्ये जमशेटजी जीजीभाई व गुजराती व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने उभी राहिली, ती रस्त्यावरील कुत्र्यांची हत्या थांबावी या तळमळीतूनच. अशा संस्थांना समाज आजही सढळ हाताने देणगी देतो. पण देणगीची पावती घेऊन परतणाऱ्याला जीवाचा सहवास घडत नाही, म्हणून त्याच्या वाट्याला उपग्रहाची एकच बाजू येते. महिन्यातील एखादा दिवस घरातील मुलांसह तेथे जाऊन एका भेदरलेल्या जीवाजवळ शांतपणे बसले, तर दुसरी बाजूही उमगेल. समाजाने टाकून दिलेल्या बंदिवानाला जे साधते, ते श्रावकाला का साधू नये?