एकटीलाच चेटकीण ठरवता येते

चेटकिणींच्या गोष्टी आपल्या मुलांनी वाचाव्यात काय? चळवळीतील अनेक जाणते कार्यकर्ते या प्रश्नाला तात्काळ 'नाही' असे उत्तर देतील. त्यांची काळजी खोटी नाही. भूत, भानामती, करणी आणि देवऋषी यांच्या नावाखाली ज्या समाजाला पिढ्यानपिढ्या लुबाडले गेले, त्या समाजाने हा कचरा मोठ्या कष्टाने घराबाहेर काढला आहे. तोच जादूटोणा पुस्तकाच्या रूपाने पुन्हा घरात कशाला आणायचा, असे कोणी विचारले तर त्यात गैर काही नाही. तरीही आम्ही आज अशाच एका कादंबरीची शिफारस करणार आहोत, आणि त्यामागची कारणेही सांगणार आहोत.

न्नेडी ओकोराफोर या लेखिकेची 'अकाटा विच' ही किशोरवयीनांसाठी लिहिलेली कादंबरी २०११ साली प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म १९७४ चा, अमेरिकेतला. आई-वडील नायजेरियातील इग्बो समाजाचे. कादंबरीची नायिका सनी ही बारा वर्षांची मुलगी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली आणि नवव्या वर्षी आई-वडिलांसोबत नायजेरियात परतलेली आहे. आफ्रिकी वंशाची असूनही तिच्या त्वचेत जन्मतः रंगद्रव्य नाही. तिला उन्हात जाता येत नाही, म्हणून आवडता फुटबॉलही मोकळेपणी खेळता येत नाही. 'अकाटा' ही तर सरळसरळ शिवीच आहे. अमेरिकेत जन्मलेल्या कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी नायजेरियात ती वापरली जाते. वर्गात छड्या बसल्याचा राग मुले सनीवर काढतात, तिला घेरून मारतात आणि हीच शिवी देऊन चेटकीण म्हणतात. त्या क्षणी ओर्लू नावाचा वर्गमित्र मध्ये पडतो. साऱ्या कादंबरीची सुरुवात इथून होते.

पुढे सनीला चिची नावाची मुलगी आणि शिकागोहून आलेला साशा भेटतात. जादूची विद्या असलेल्या लोकांची एक गुप्त दुनिया सनीपुढे उघडते. मुलांना पळवून त्यांचे बळी घेणाऱ्या एका नराधमाशी या चौघांना सामना करावा लागतो. गोष्ट एवढीच असती तर आम्ही हा मजकूर लिहिला नसता. या दुनियेचे दोन नियम मात्र आमच्या वाचकांनी ध्यानात घ्यावेत असे आहेत. पहिला नियम असा की तिथे पैसा वारसाहक्काने किंवा व्यापाराने प्रथम निर्माण होत नाही. माणूस काही नवे शिकला की त्याच्या पायाशी नाणी पडतात, आणि त्यात सोन्यापेक्षा तांब्याचे नाणे मोलाचे असते. दुसरा नियम असा की जगाने ज्याला व्यंग म्हटले, त्यातच माणसाची शक्ती असते. वाचताना अक्षरांत अडखळणारा ओर्लू दुसऱ्याने केलेली वाईट जादू उलगडून निष्प्रभ करतो. ज्या रंगावरून सनीला हिणवले गेले, त्या रंगाशीच तिची विद्या जोडलेली आहे.

कादंबरीत एक गोष्ट आम्हाला खटकते, तीही सांगितली पाहिजे. ही विद्या बहुतांशी रक्तातून येते आणि ज्यांच्याकडे ती नाही त्यांना वेगळ्या नावाने ओळखले जाते. जन्मावरून माणसांची विभागणी कल्पनेतही आम्हाला मान्य नाही. पण याच दुनियेत वरची पायरी परीक्षा देऊनच चढता येते, हेही खरे. मुलांसोबत वाचताना मोठ्यांनी हा विषय काढावा. चर्चा होऊ द्यावी.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. ही कादंबरी जिथे घडते त्या आबा शहराच्या अबिया राज्याला लागूनच अक्वा इबोम हे राज्य आहे. तिथे खऱ्याखुऱ्या लहान मुलांना चेटूक करतात म्हणून घरातून हाकलले गेले, त्यांचे हाल केले गेले. अखेर २००८ साली त्या राज्याला बालहक्काचा कायदा करून मुलाला चेटकीण ठरवणे हा गुन्हा म्हणावे लागले. आमच्याकडे काय वेगळे आहे? बिहारने १९९९ साली, छत्तीसगडने २००५ साली असे कायदे केले. महाराष्ट्रात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यावर जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी कायदा झाला. एखादी व्यक्ती करणी करते असे भासवून तिचे जगणे मुश्कील करणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही २०१५ च्या दुरुस्तीने चेटकीण ठरवून छळणे हा स्वतंत्र गुन्हा झाला.

म्हणजे कायदा आहे. वकिली करताना आम्हाला मात्र दिसते ते असे की कागदावरचा कायदा साक्षीदाराच्या पायांनी कोर्टात चालत येतो. साक्षीदार फितूर झाला की कलम कितीही कडक असो, आरोपी हसत बाहेर पडतो. आणि चेटकीण, डाकीण कोणाला ठरवले जाते? जिच्यामागे कोणी नाही तिला. विधवेला, म्हातारीला, दोन एकरांवर भावकीचा डोळा असलेल्या एकट्या बाईला. जिच्या दारात चार माणसे उभी राहतील तिच्या अंगात कधी चेटूक सापडत नाही! म्हणूनच आरोप करणाऱ्यांचा पहिला डाव तिला एकटे पाडण्याचा असतो. पाणी बंद, बोलणे बंद, येणे-जाणे बंद. बहिष्काराचे हे हत्यार आमच्या वाचकांना नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

या ठिकाणी ती कादंबरी आम्हाला मोलाची वाटते. सनीची जादू काल्पनिक आहे, तिच्यासाठी घोळक्यात शिरणारा ओर्लू काल्पनिक नाही. तो प्रत्येक वस्तीत घडवता येतो. घोळका एखाद्याला शिवी घालत असताना 'थांबा' म्हणण्याची सवय ज्या मुलाला दहाव्या-बाराव्या वर्षी लागते, तेच मूल पुढे पंचनाम्यावर सही करते आणि उलटतपासणीत डगमगत नाही. विज्ञानाची पुस्तके 'करणी खोटी आहे' हे शिकवतील. ती शिकवलीच पाहिजेत. पण करणी खोटी आहे हे ठाऊक असूनही दार लावून गप्प बसणारे सुशिक्षित आपण कमी पाहिले आहेत काय?

मूळ पुस्तक इंग्रजीत आहे. आपल्या मुलामुलींपैकी जी कॉलेजात इंग्रजी वाचतात त्यांनी ते मिळवावे आणि विहारातल्या रविवारच्या वर्गात धाकट्यांना मराठीतून सांगावे. गोष्ट संपली की एकच प्रश्न विचारावा: 'ओर्लूच्या जागी तू असतास तर काय केले असतेस?' आणि मुलांना उत्तर देण्यासाठी पुरेसा वेळ द्यावा.