कांद्याच्या पट्टीतलं भूत



आज एक कबुली द्यायची आहे. कारभारणीने मला त्यासाठी केव्हाच फैलावर घेतलं आहे, तेव्हा आता तुमच्यापासून लपवण्यात काही अर्थ नाही.

2016 च्या जानेवारीतली गोष्ट. चाकणच्या बाजारात कांदा घातला, आडत्याकडून पट्टी घेतली. घरून निघताना बजावून सांगितलं होतं, खताच्या दोन गोण्या आणि फवारणी पंपाचं नोझल आणा. पण थोरला चाकणलाच कारखान्यात कामाला. त्याची पाळी सुटली होती. तो म्हणाला, "आबा, पिंपरीत साहित्य संमेलन भरलंय. एवढं लांबून आलाच आहात, तर बघून जाऊ."

हिंदुस्थान अँटिबायोटिक्सच्या मैदानावर 89 वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. भाषणं ऐकायला म्हणून गेलो आणि अडकलो पुस्तकांच्या गाळ्यांत. बैल घ्यायचा नसला तरी बाजारात गेलेला शेतकरी बैलाचे दात बघतोच. माझं तसंच झालं. एक पुस्तक चाळलं, दुसरं उघडलं. बाहेर पडलो तेव्हा पिशवीत सात पुस्तकं होती आणि खिशात चहापुरते पैसे.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, "खत कुठंय?" मी पिशवी पुढे केली. कारभारणीने एकेक पुस्तक काढून बघितलं. एकावर भुताचं चित्र. ती म्हणाली, "घरात एक आहे ते पुरे नव्हतं?"

ते पुस्तक होतं नारायण धारपांचं. धारप 1925 साली जन्मले, 2008 साली गेले. भयकथा म्हटलं की मराठी वाचकाच्या तोंडी पहिलं नाव त्यांचंच येतं. 'लुचाई' ही त्यांची कादंबरी स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या 1975 सालच्या कादंबरीवर बेतलेली. रक्त पिणारं पिशाच गावात शिरतं आणि एकेक माणूस त्याच्यासारखाच होत जातो. आपल्याकडे मुंजा, हडळ, खवीस, वेताळ अशी भुतावळ मोठी, पण थडग्यातून उठून रक्त प्यायला येणारा हा पाहुणा मूळचा युरोपातला. ब्रॅम स्टोकर या आयरिश लेखकाने 1897 साली 'ड्रॅक्युला' लिहिली आणि तो जगभर पोचला. या पाहुण्याची दोन गंमती आहेत. त्याला लसूण सोसत नाही आणि घरातल्या कुणी बोलावल्याशिवाय तो उंबरा ओलांडू शकत नाही. लसणाचं ऐकून कारभारीण आढ्याच्या जुड्यांकडे बघत म्हणाली, "मग आपल्याकडे यायची त्याची काय बिशाद!"

रोज जेवणं उरकली की सूनबाई मोठ्याने वाचायची आणि आम्ही सगळे ऐकायचो. पोरं गोधडीत तोंड खुपसायची, पण उठून जायची नाहीत. माझी अडचण वेगळी होती. त्या आठवड्यात शेतीची वीज रात्री बाराला यायची. असलं काही ऐकून अंधारात विहिरीवर मोटर चालू करायला जाणं म्हणजे काय, ते ज्याचं त्याला ठाऊक. एकदा डोक्यावरून वटवाघूळ फडफडत गेलं आणि बॅटरीच हातातून पडली. दुसऱ्या दिवशी गावातले निवृत्त गुरुजी हसून म्हणाले, "अहो, रक्त पिणारी वटवाघळं मध्य आणि दक्षिण अमेरिकेत असतात. आपली बिचारी फळं नाहीतर किडे खातात."

घरात नाराज होती ती फक्त आई. चौथ्या रात्री ती म्हणाली, "पुरे करा ते. असल्या गोष्टींपायी माझी बहीण गेली."

आम्ही गप्प झालो. मावशीबद्दल ती फारसं कधी बोलली नव्हती. लग्नाला दोन वर्षं झाली आणि मावशीला खोकला लागला. अंग झिजत चाललं. सासरच्यांनी ठरवलं, बाधा झाली. तिच्या आधी वारलेल्या जावेने धरलंय म्हणून अंगारे, उतारे, कोंबडी, लिंबू सगळं झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा उशीर झाला होता. तो क्षय होता.

हे मी गुरुजींना सांगितलं. त्यांनी मला त्याला जोड असलेली अमेरिकेतली हकिकत सांगितली. ऱ्होड आयलंड राज्यातल्या एक्झेटर गावी ब्राऊन नावाचं शेतकरी कुटुंब होतं. क्षयाने आई गेली, थोरली मुलगी गेली आणि 1892 च्या जानेवारीत 19 वर्षांची मर्सीही गेली. मुलगा एडविन आजारी. गावकऱ्यांनी बापाच्या मागे लकडा लावला, मेलेल्यांपैकी कुणीतरी याचं रक्त पितंय. बापाचा विश्वास नव्हता, पण तो गावापुढे नमला. प्रेतं उकरली. मर्सीचं प्रेत ताजं दिसलं, काळजात रक्त सापडलं. कडाक्याच्या थंडीत दोन महिने ठेवलेलं प्रेत ताजंच दिसणार! पण लोकांनी ते काळीज जाळलं आणि राख पाण्यात कालवून एडविनला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. आणि क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी 1882 सालीच शोधून काढला होता, म्हणजे 10 वर्षं आधी!

मग गुरुजींनी विचारलं, "तुम्ही पुस्तकं घेतलीत ते मैदान कुणाचं, माहीत आहे?" मैदान औषधाच्या कारखान्याचं. 1954 साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी. तिथे आधी पेनिसिलिन तयार झालं, पुढे स्ट्रेप्टोमायसीनही. क्षयावर खरा गुण देणारं हे पहिलं औषध 1943 साली अमेरिकेत सापडलं आणि तेही मातीतल्या एका सूक्ष्म जीवापासून. मर्सीच्या घराला जे हवं होतं, ते पुढे आपल्या पिंपरीत तयार झालं.

हे सगळं मी घरी येऊन आईला सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग सूनबाईला म्हणाली, "वाच पुढं. पुस्तकातलं भूत पुस्तकात राहू दे, म्हणजे झालं."

मंडळी, माझंही म्हणणं तेवढंच. भुताच्या गोष्टी खुशाल वाचा, घाबरा, हसा. पुस्तक मिटलं की ते भूत जातं. पण आजारी माणसाच्या उशाशी त्याला बसवू नका. ते आपण बोलावलं तरच उंबरा ओलांडतं. घरात कुणाला दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल, तर सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. तपासणीही फुकट, औषधही फुकट. औषध मात्र डॉक्टर सांगतील तितके महिने, मध्ये न सोडता घ्यायचं. आणि भगताने उपचारात आडकाठी केली, तर 2013 सालापासून राज्यात त्याविरुद्ध कायदा आहे.

राहता राहिलं खत. ते पुढच्या पट्टीत आणलं. आता दर पट्टीतले थोडे पैसे कारभारीण डब्यात वेगळे ठेवते, पुस्तकांसाठी. डबा मात्र तिच्याच ताब्यात असतो!