जुन्या घराचं भाडं

जुनं घर टिकवायचं असेल तर त्यात पाहुणे ठेवावेत, असं माझं मत केप मेला राहिल्यापासून झालं आहे. न्यू जर्सीचा गार्डन स्टेट पार्कवे दक्षिणेला जिथे संपतो तिथलं हे समुद्रकाठचं गाव. गाडीने फिरताना एक रात्र आम्ही तिथल्या एका डागडुजी केलेल्या व्हिक्टोरियन घरात काढली. (इंग्लंडच्या राजाशी लढून स्वतंत्र झालेल्या देशात घरांना नाव मात्र इंग्लंडच्या राणीचं! असो.)

१८७८ च्या आगीत गावाचा बराच भाग जळाला. लोकांनी पुन्हा लाकडाचीच घरं बांधली. कालांतराने ती जुनाट वाटू लागली. १८७९ सालचं फिजिक यांचं घर तर पाडायलाच निघाले होते. १९७० साली लोकांनी संस्था काढून ते वाचवलं. १९७६ मध्ये गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

फिजिक यांच्या घरात आता संग्रहालय आहे. मार्गदर्शकाच्या मागे मागे फिरून बघायचं. सुंदर आहे, पण तिथे कोणी झोपत नाही. आमच्या घराचा जिना करकरत होता, खिडकी जोर लावल्याशिवाय उघडत नव्हती आणि सकाळी मालकीणबाईंनी स्वतः नाश्ता वाढला. खाऱ्या वाऱ्याने रंग टिकत नाही, म्हणाल्या. तो खर्च भाड्यातूनच निघतो.

चिरंजीवांना भाडं जास्त वाटलं. मला नाही. दर्जाच्या पाटीने छप्पर गळायचं थांबत नाही. आपल्याकडे वाडा पाडला की आपण हळहळतो. पण त्याच वाड्यात पैसे मोजून, करकरत्या जिन्यासकट, एक रात्र राहायला आपल्यातले किती जण तयार होतील?