पूल धडधाकट म्हणणारा कोण?

२ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीच्या पुराने ब्रिटिश अमदानीतला दगडी पूल तोडून नेला आणि एस.टी.च्या दोन गाड्या उतारूंसह नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी होऊन धोका नसल्याचा निर्वाळा मिळाला होता, हे खुद्द सरकारनेच नंतर सांगितले. १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा लोखंडी पूल कोसळला, चौघे मेले. तिथे तर पूल धोकादायक असल्याचा फलक होता, नव्या पुलाला मंजुरी होती, तरीही जुना पूल उघडाच! एका ठिकाणी धोका दिसला नाही; दुसऱ्या ठिकाणी दिसूनही कुणाचा हात हलला नाही. याला जो दैवी आपत्ती म्हणेल, त्याची आम्हाला चीड येते. पाऊस आणि पूर महाराष्ट्राला कधीपासून नवे झाले?

दोष सार्वजनिक बांधकाम खात्याच्या घडणीत आहे. डलहौसीने १८५४ साली उभ्या केलेल्या खात्याची उतरंड थोड्याफार फरकाने आजही तीच आहे: खाली कनिष्ठ अभियंता, मग उपअभियंता, कार्यकारी अभियंता, अधीक्षक अभियंता, मुख्य अभियंता आणि मंत्रालयातले सचिव. यातला कार्यकारी अभियंत्याचा विभाग नीट पाहा. अंदाजपत्रक तिथेच तयार होते, कामावर देखरेख त्याचीच, झालेले काम मोजणार तोच आणि ठेकेदाराचे बिल काढणारही तोच. कनिष्ठ अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, उपअभियंता ती तपासतो, लेखापाल आकडे जुळवतो, साहेब सही करतात. दक्षता आणि गुणनियंत्रणाला वेगळे मंडळ आहे खरे. पण तिथे बसणारे अभियंते याच खात्याचे. आज तपासणीला असलेला उद्या बदलून त्याच कामांवर जाणार असेल, तर तो कुणाच्या कामाला खोटे म्हणेल?

मार्चअखेर जवळ आली की निधी परत जाऊ नये म्हणून बिलांची झुंबड उडते. पहिल्या पावसात डांबर उखडते, तोवर सही करणाऱ्याची बदली झालेली असते. मग निलंबन कुणाचे? बहुधा सर्वांत खालच्या कनिष्ठ अभियंत्याचे! मान्यता देणारे वरचे सगळे हात कोरडेच राहतात. हा अन्याय आहे, आणि जनतेची फसवणूकही आहे.

या खात्यात कर्तबगारी नाही, असे आम्ही म्हणत नाही. मुंबई इलाख्याच्या याच खात्यात असताना विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला स्वयंचलित दरवाजे बसवले. सावित्रीवरचा नवा पूल १६५ दिवसांत उभा राहून ५ जून २०१७ रोजी खुला झाला. साऱ्या राज्याची नजर होती, म्हणून फाईल धावली. मग जिथे अजून कुणी मेलेले नाही, तिथली फाईल का रखडते?

मोजमाप पुस्तिकेचे पान न् पान लोकांसमोर ठेवा. पुलाची पाहणी खात्याबाहेरच्या अभियंत्यांकडून करवा आणि धोका दिसताक्षणी वाहतूक बंद करण्याचा अधिकार त्यांच्याच हाती द्या. पाहणीची तारीख आणि पाहणाऱ्याचे नाव पुलाच्या दोन्ही टोकांना लिहा. बांधकाममंत्र्यांनी हे आदेश पावसाळ्यापूर्वी काढावेत. काढायचे नसतील, तर का नाही ते विधानसभेत उभे राहून सांगावे!