सहलीच्या यादीतून गळलेली नावे

दिवाळीची सुट्टी संपून शाळांचे दुसरे सत्र सुरू झाले आणि हवेत गारवा आला, की एसटीच्या आगारांत सहलींच्या गाड्यांसाठी शाळांचे अर्ज येऊ लागतात. पहाटेच्या अंधारात शाळेच्या फाटकापाशी उभी असलेली लाल गाडी, कानटोप्या घातलेली मुले, खिडकीजवळच्या जागेसाठी चाललेली ओढाताण, पिशव्यांतून दरवळणारी शेंगदाण्याची चटणी आणि गळ्यात शिटी अडकवून नावे वाचणारे गुरुजी, हे दृश्य महाराष्ट्रातील कोणत्याही गावाला अपरिचित नाही. पुढील आयुष्यात कितीही प्रवास घडला, तरी शाळेच्या सहलीत प्रथम पाहिलेला रायगड किंवा प्रथम पाहिलेला समुद्र माणूस विसरत नाही. म्हणूनच त्या पहाटे गुरुजी जी नावे वाचतात, ती जरा लक्षपूर्वक ऐकण्याजोगी असतात. वाचल्या जाणाऱ्या नावांपेक्षा न वाचल्या जाणाऱ्या नावांकडेच अधिक लक्ष द्यायला हवे.

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी प्रस्तुत लेखकाला अशी एक यादी पाहावयास मिळाली. नववीच्या वर्गाची दोन मुक्कामांची सहल होती. वर्गात ३४ मुलगे आणि ३१ मुली. गाडीत बसले २९ मुलगे आणि ६ मुली. मुख्याध्यापकांकडे विचारणा केली, तेव्हा ते म्हणाले, ‘आम्ही कोणालाच नको म्हटलेले नाही. पालकच मुलींना पाठवीत नाहीत, त्याला शाळा काय करणार?’ हे उत्तर खोटे नव्हते. एका मुलीच्या वडिलांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, ‘बरोबर कोण बाई आहेत, मुक्काम कुठे आहे, काहीच कळवलेले नाही. मग पोरीला कशी धाडू?’ हेही उत्तर खोटे नव्हते. या दोन खऱ्या उत्तरांच्या मधल्या फटीत २५ मुलींची सहल हरवली होती आणि तिचा शोध घेणे हे आपले काम आहे, असे दोन्ही बाजूंपैकी कोणालाच वाटत नव्हते.

शाळांतील स्त्री-पुरुष विषमतेचे आजचे स्वरूप हे असे आहे. ती कोणत्या परिपत्रकात शोधू गेल्यास सापडणार नाही. लिंगभेदावरून पक्षपात करण्यास राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने मनाई केली आहे आणि ‘मुलींनी सहलीस येऊ नये’ असा फलक लावण्याची छाती कोणत्याही शाळेला होणार नाही. परंतु जे फलकावर लिहिता येत नाही, ते नियोजनातून साधले जाते. तेही कोणाच्या दुष्टाव्याने नव्हे, तर केवळ सवयीने. सहलीची आखणी करताना डोळ्यांसमोर मुलगाच असतो. गाडी रात्री कितीही वाजता परतली तरी चालेल, धर्मशाळेच्या एका दालनात सारे झोपतील, वाटेत आडोसा पाहून गाडी थांबविता येईल, असे गृहीत धरून जी सहल आखली जाते, ती मुलींसाठी आखलेलीच नसते. मग मुली आल्या नाहीत, याचे आश्चर्य कशाला?

प्रसाधनगृहाचा विषय अशा लेखांतून सहसा टाळला जातो. पण तो टाळण्याजोगा नाही. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे असणे हा शाळेचा आवश्यक निकष ठरविला. शाळेच्या आवारात जे आवश्यक मानले, ते शाळा गाडीत बसून निघाली की अनावश्यक कसे ठरते? गडाच्या पायथ्याशी सोय असेल की नाही, या धास्तीने मुली पहाटेपासून पाण्याचा घोट घेत नाहीत. मासिक पाळीची तारीख सहलीच्या तारखेजवळ येत असेल, तर पोटदुखीचे निमित्त सांगून घरीच राहतात. हे कारण नोंदवहीत लिहिले जात नाही. तेथे ‘वैयक्तिक अडचण’ एवढेच शब्द असतात. वस्तुतः ही अडचण त्या मुलीची नसून आखणी करणाऱ्यांच्या विसरभोळेपणाची असते.

सहल वर्षातून एकदा येते. मैदान मात्र रोजचे आहे. खेळाच्या तासाला कोणत्याही शाळेच्या कठड्याशी उभे राहावे. मैदानाच्या मध्यभागी मुलग्यांचे क्रिकेट रंगलेले असते आणि भिंतीच्या कडेने, झाडाखाली, मुलींचे घोळके गप्पा मारीत किंवा वही पूर्ण करीत बसलेले असतात. ‘मुलींना खेळायची आवडच नसते’ असा निष्कर्ष यावरून काढला जातो. आवड ही संधीच्या मागून येते, हे अमेरिकेच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास त्या देशाने १९७२ साली कायद्याने बंदी घातली. त्यापूर्वीच्या वर्षात तेथील माध्यमिक शाळांतून खेळणाऱ्या मुलींची संख्या सुमारे २ लाख ९४ हजार होती. पुढे ती ३० लाखांच्या वर गेली. त्या देशातील मुलींचा स्वभाव काही एकाएकी पालटला नव्हता. मैदानाचे वेळापत्रक पालटले होते.

आपल्याकडेही याची साक्ष देणारी उदाहरणे कमी नाहीत. नाशिक जिल्ह्यातील आदिवासी पाड्यावरून आलेल्या कविता राऊतने २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविले. माणदेशातील मोहीच्या ललिता बाबरने २०१६ साली रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेस शर्यतीची अंतिम फेरी गाठली. २०२५ च्या २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांनी क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हा संघाची उपकर्णधार सांगलीची स्मृती मानधना होती. त्या रात्री गावोगावी फटाके वाजले. परंतु दुसऱ्या दिवशी किती शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी मुलींच्या हाती बॅट दिली, हा प्रश्न विचारला तर उत्तर फारसे उत्साहवर्धक येणार नाही. विजयाचा आनंद साजरा करणे सोपे असते. मैदान निम्मे वाटून देणे तितके सोपे नसते.

स्नेहसंमेलनाच्या तयारीतही हीच वाटणी आढळते. रांगोळी, स्वागतगीत, पाहुण्यांपुढे ओवाळणीचे तबक धरणे हे मुलींकडे. बाके उचलणे, मंडप बांधणे, ध्वनिवर्धक लावणे हे मुलग्यांकडे. शालेय मंत्रिमंडळात क्रीडामंत्री मुलगा आणि सांस्कृतिक मंत्री मुलगी, हे जणू घटनेत लिहून ठेवल्यासारखे चालते. यात मुलींचेच नुकसान होते असेही नाही. ज्या मुलाचा हात रांगोळीत सुरेख चालतो, ज्याला नृत्याची उपजत जाण आहे, त्याला मित्रांच्या कुचेष्टेच्या भयाने ती कला दडवून ठेवावी लागते. न्यायाचा अर्थ मुलग्यांच्या ताटातले काढून मुलींच्या ताटात वाढणे असा नव्हे. कोणाच्या ताटात काय वाढायचे, हे त्याच्या आवडीवरून व कुवतीवरून ठरावे, जन्मावरून नव्हे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. १८४८ साली पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा मुलींनी शिकावे की नाही हाच प्रश्न होता. १८८४ साली हुजूरपागेची शाळा निघाली, तेव्हा मुलींनी काय शिकावे, यावर वृत्तपत्रांतून रणे माजली. स्त्री-पुरुषांना एकच शिक्षण द्यावे आणि तेही एकत्र द्यावे, ही भूमिका आगरकरांनी त्याच शतकात निःसंदिग्धपणे मांडली. स्वातंत्र्यानंतर मुलामुलींच्या अभ्यासक्रमांत भेद असावा काय, याचा विचार करण्यासाठी हंसा मेहता यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. असा भेद लिंगावरून करू नये, असे तिने १९६२ साली सांगितले आणि १९६६ च्या कोठारी आयोगाच्या अहवालाने त्याला पाठिंबा दिला. म्हणजे पाठ्यपुस्तकापुरता हा वाद निकालात निघाला आहे. गणिताच्या तासाला मुलींना बाहेर बसवावे, असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु शिक्षणाचा जो भाग पुस्तकाबाहेर आहे, म्हणजे मैदान, व्यासपीठ, प्रयोग, पदभ्रमण आणि सहल, तेथे तो निकाल अजून पोहोचलेला नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. मुलींच्या सुरक्षिततेची जबाबदारी मोठी असते. काही विपरीत घडले तर जाब शिक्षकांनाच द्यावा लागतो. ही भीती काल्पनिक नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरूडच्या समुद्रावर पुण्याच्या महाविद्यालयीन सहलीवर ओढवलेला प्रसंग कोणी विसरलेले नाही. परंतु लाटांनी त्या दिवशी मुलगा-मुलगी असा भेद केला नव्हता. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापुरात लहान मुलींवरील अत्याचाराचे जे प्रकरण उघडकीस आले, ते सहलीत घडलेले नव्हते. शाळेच्या आवारातच घडलेले होते. या दोन्ही घटना एकच गोष्ट सांगतात. सुरक्षितता ही जागेवर अवलंबून नसते, व्यवस्थेवर अवलंबून असते. व्यवस्था नसेल तर शाळेची इमारतही धोक्याची. व्यवस्था असेल तर गडाचा माथाही निर्धोक. तेव्हा व्यवस्था करणे हे मोठ्यांचे कर्तव्य ठरते. आपण ते पार पाडायचे नाही आणि त्याची किंमत म्हणून मुलींना घरी बसवायचे, हा हिशेब उलटा आहे. कर्ज आपले आणि खाते मुलींचे, असा हा व्यवहार झाला.

सहल म्हणजे चैन, ती चुकली तर काय बिघडले, असेही काही जण म्हणतील. बिघडते ते असे. घराबाहेर दोन रात्री काढणे, आपले सामान आपण सांभाळणे, अनोळखी गावात रस्ता विचारणे, दमल्यावरही आणखी शंभर पायऱ्या चढणे, या गोष्टी कोणत्याही पुस्तकात नसतात. त्या सोळाव्या वर्षापर्यंत कधीच न केलेल्या मुलीला पुढे परगावच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, की घरचे म्हणतात, ‘ती कधी एकटी राहिलेली नाही.’ आणि ते खरेच असते! खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे दार सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ मधील आदेशानंतर मुलींना उघडले. २०२५ च्या मे महिन्यात १७ मुलींची पहिली तुकडी तेथून बाहेर पडली. दार उघडण्याचे काम न्यायालय करू शकते. त्या दारापर्यंत चालत जाण्याची सवय मात्र शाळेलाच लावावी लागते.

यासाठी फार मोठा खर्च लागतो असेही नाही. शालेय सहलींना एसटीच्या भाड्यात सवलत आहेच. सहलीचे पत्रक महिनाभर आधी काढावे आणि त्यात मुक्कामाचे ठिकाण, सोबतच्या शिक्षिकांची नावे, वाटेतील स्वच्छतागृहे व परतीची वेळ स्पष्ट लिहावी. ज्या गावात मुलींना मुक्कामी पाठविण्याची रीत नाही, तेथे आरंभी अंधारापूर्वी परतणारी एक दिवसाची सहल न्यावी. विश्वास हा पायरी-पायरीनेच चढतो. वर्गणी हप्त्याने घ्यावी. कारण एकाच घरातील भाऊबहिणींपैकी एकाचेच पैसे भरता येत असतील, तर ते कोणाचे भरले जातात, हे शाळेच्या कार्यालयातील लिपिकाला पक्के ठाऊक असते. सोबत नेण्यासाठी शिक्षिका मिळत नाहीत, ही तक्रार खरी आहे. पण बाईंनाही घर असते आणि त्या घराचा भार बहुधा त्यांच्या एकटीवर असतो, हेही तितकेच खरे आहे. दर वर्षी एकाच शिक्षिकेला गृहीत न धरता पाळी लावावी, त्याबद्दल बदली रजा द्यावी आणि काही मातांनाही सोबत न्यावे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. सहलीची आखणी त्या समितीपुढे एकदा ठेवली, तर निम्मे प्रश्न गाडी सुटण्यापूर्वीच सुटतील.

मैदानासाठीही वार वाटून द्यावेत आणि ते भिंतीवर लिहून लावावेत. संमेलनाची कामे चिठ्ठ्या टाकून वाटावीत. आणि वर्षाच्या अखेरीस प्रत्येक शाळेने एका वहीत एवढेच लिहावे, की सहलीस, स्पर्धेस व व्यासपीठावर किती मुलगे गेले आणि किती मुली. आकडे बोलू लागले, की ‘आम्ही कोणाला नको म्हटले नाही’ हे वाक्य आपोआप अपुरे वाटू लागते. विद्यार्थ्यांनाही एक काम आहे. आपल्या वर्गातील एखादी मुलगी सहलीस का येत नाही, हे तिला नव्हे, तर गुरुजींना विचारावे.

येत्या ३ जानेवारीला सावित्रीबाईंची जयंती शाळाशाळांतून साजरी होईल. मुली नऊवारी नेसून, कपाळी आडवे कुंकू लावून त्यांच्या भूमिकेत उभ्या राहतील, पाठ केलेली भाषणे म्हणतील आणि टाळ्यांचा कडकडाट होईल. त्याच आठवड्यात कोठेतरी पहाटे एक लाल गाडी शाळेच्या फाटकातून निघेल. व्यासपीठावर सावित्रीबाई झालेली ती मुलगी त्या गाडीत खिडकीजवळ बसलेली आहे काय, एवढे पाहण्यासाठी आपण त्या पहाटे फाटकापाशी जाऊन उभे राहिलो, तरी ती जयंती सार्थकी लागली असे म्हणता येईल.