फोन तुमचा, किल्ली कंपनीची

समजा, तुम्ही बाणेरला किंवा ठाण्याला फ्लॅट घेतलात. वीस वर्षांचं कर्ज, स्टँप ड्यूटी, रजिस्ट्रेशन, सगळं यथासांग पार पडलं. आणि ताब्याच्या दिवशी बिल्डर म्हणाला, "साहेब, दाराची किल्ली आमच्याकडेच राहील. तुम्हाला आत जायचं असेल तेव्हा आमचा वॉचमन दार उघडेल. कुलूप बदललंत तर वॉरंटी गेली. आणि हो, तीन वर्षांनी आमचा वॉचमन यायचा बंद होईल, तेव्हा दुसरा फ्लॅट बघून ठेवा."

काय कराल? बिल्डरच्या ऑफिसात जाऊन शिमगा कराल. पण तीस-चाळीस हजारांचा फोन घेताना आपण नेमका हाच करार मुकाट्याने मान्य करतो. वर स्क्रीनगार्ड फुकट मिळाला म्हणून खूशही होतो.

आज भांडायचंय ते यावर. दोन्ही बाजूंशी भांडायचंय, त्यामुळे कुणीच खूश होणार नाही याची खात्री आहे.

आधी दोन शब्दांचा घोळ निस्तरू, कारण कंपन्या, बँका आणि आपले टेलिग्रामवरचे फ्लॅशवीर हे सगळे मिळून तो घोळ घालतात. बूटलोडर म्हणजे फोन चालू झाल्यावर सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामांपैकी एक. पुढे जी सिस्टिम चालू व्हायची आहे, तिच्यावर ओळखीची डिजिटल सही आहे का, हे तो तपासतो. सही जुळली तर आत, नाहीतर बाहेर. लॉक असलेला बूटलोडर फक्त कंपनीची सही मानतो. अनलॉक केला की तो म्हणतो, ठीक आहे, मालक म्हणेल ती सिस्टिम चालवतो. रूट ही वेगळी भानगड आहे. रूट म्हणजे चालू सिस्टिममध्ये सर्वाधिकार मिळवणं, ज्यातून एखादं ॲप दुसऱ्या ॲपचा डेटा वाचू शकतं, सिस्टिमच्या फाइल्स बदलू शकतं. बूटलोडर अनलॉक केला म्हणजे फोन रूट झाला असं नाही. लिनिएजओएस ही रॉम तर येते तीच रूटशिवाय. कुलूप बदलणं आणि घराच्या भिंती पाडणं यात जेवढा फरक, तेवढा इथे आहे.

आता इतिहास, थोडक्यात. 2008 साली पहिला अँड्रॉइड फोन आला, टी-मोबाइल जी1. त्यात एक अफलातून बग होता. कीबोर्डवर जे टाइप कराल ते मागे एका रूट शेलकडेही जायचं. म्हणजे मित्राला मेसेजमध्ये 'रीबूट' एवढाच शब्द लिहून एंटर दाबलं की फोन खरोखर रीबूट! रूटिंगची सुरुवात अशी विनोदी झाली. 2010 च्या जानेवारीत नेक्सस वन आला आणि गूगलने सरळ एका कमांडवर बूटलोडर उघडायची सोय दिली. वॉरंटी जाईल एवढीच अट. हा सौदा प्रामाणिक होता. मोठ्या माणसाला मोठ्या माणसासारखं वागवणारा.

त्यानंतर मात्र दारं एकेक करून बंद होत गेली. हुआवेने 2018 मध्ये अनलॉक कोड देणं थांबवलं. शाओमीने आधी खातं जोडा, मग 168 तास थांबा अशी व्यवस्था आणली, आणि हायपरओएसच्या काळात ती आणखी जाचक केली. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्सचा फ्यूज आहेच. एकदा जळला की जळला, सिक्युअर फोल्डर कायमचं गेलं. आणि 2025 मध्ये वन यूआय 8 सोबत तर सेटिंगमधून अनलॉकचा पर्यायच गायब झाला. प्रत्येक वेळी कारण एकच. तुमच्या सुरक्षिततेसाठी!

हे कारण खोटं नाही, हे मी आधीच मान्य करून टाकतो. लॉक असलेला बूटलोडर खरंच संरक्षण देतो. लोकलमध्ये मारलेला फोन चोराने दुसरी सिस्टिम टाकून वाचू नये, रिपेअरला दिलेल्या फोनमध्ये कुणी हेरगिरीचं सॉफ्टवेअर बसवू नये, यासाठी ते कुलूप हवंच. अनलॉक करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो तोही यासाठीच. पण कुलूप हवं की नको हा प्रश्नच नाही. किल्ली कुणाकडे, हा प्रश्न आहे.

आणि गंमत बघा, या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर केव्हाच तयार आहे. अँड्रॉइडच्या व्हेरिफाइड बूटमध्ये चार अवस्था आहेत. हिरवी म्हणजे कंपनीच्या सहीने लॉक. नारिंगी म्हणजे अनलॉक. लाल म्हणजे गडबड आहे. आणि चौथी, पिवळी: फोन लॉकच आहे, फक्त सही मालकाने दिलेली आहे. गूगलच्या पिक्सेलमध्ये हे चालतं. ग्राफीनओएस त्याच्यावरच उभं आहे: बूटलोडर उघडायचा, आपली सिस्टिम टाकायची, तिची किल्ली बसवायची आणि पुन्हा कुलूप लावायचं. चोर बाहेर, मालक आत. मग 'एकतर सुरक्षितता घ्या नाहीतर स्वातंत्र्य' हे जे आपल्याला ऐकवलं जातं, ते कोण आणि का ऐकवतं? बहुतेक कंपन्या ही सोय देत नाहीत, कारण जुना फोन चालत राहिला तर नवा कसा विकला जाणार? सरळ हिशोब आहे.

आता बँका. अनलॉक केलेल्या फोनवर बँकेचं ॲप उघडा, बऱ्याचदा "आपले डिव्हाइस सुरक्षित नाही" असा निरोप येतो आणि ॲप बंद. यामागे बहुधा गूगलची प्ले इंटेग्रिटी असते. ही यंत्रणा फोन प्रमाणित आहे का, हे सांगते. तो सुरक्षित आहे का, हा वेगळा प्रश्न! 2017 चा एखादा फोन घ्या, अँड्रॉइड 8 वर अडकलेला, कित्येक वर्षांत एकही सिक्युरिटी पॅच न मिळालेला. कंपनीची सही आहे, बूटलोडर लॉक आहे, म्हणून बऱ्याच ॲप्सना तो चालतो. त्याच फोनवर ताजे पॅच असलेली लिनिएजओएस टाका... नापास. मे 2025 पासून अँड्रॉइड 13 आणि पुढच्या फोनसाठी सर्वात कडक पायरीवर वर्षभरातला पॅच लागतो, हे खरं. पण ती पायरी मागायची की नाही हे ॲपवाल्याच्या मर्जीवर, आणि जुने फोन त्या अटीतून सुटलेलेच.

शिवाय हीच बँक मला लॅपटॉपवर ब्राउझरमधून लाखोंचे व्यवहार करू देते. त्या लॅपटॉपवर मी ॲडमिनिस्ट्रेटर आहे. म्हणजे तिकडे सर्वाधिकार असणं नॉर्मल, इकडे गुन्हा. बरं, साध्या बटणांच्या फोनवर *99# दाबूनही यूपीआय चालतं. मग अनलॉक फोनवाल्याला निदान कमी मर्यादेत व्यवहार करू द्यायला काय हरकत आहे?

याचा परिणाम काय होतो तेही बघा. फोन अनलॉक केलेल्या ज्या माणसाला रूटची काहीही गरज नव्हती, तो केवळ बँकेचं ॲप चालावं म्हणून रूट करतो. मग रूट लपवायला मॉड्यूल टाकतो. मग प्ले इंटेग्रिटीला फसवायला कुठल्यातरी ग्रुपवरून फुटलेल्या किल्ल्यांची फाइल आणतो. ज्या फोनवर त्याचे पैसे आहेत, त्यावर आता अनोळखी माणसाचा कोड सर्वाधिकारांसह चालतोय. नियम सुरक्षिततेसाठी होता ना? घ्या सुरक्षितता!

इथपर्यंत वाचून जे टाळ्या वाजवतायत, त्या रूटभक्तांकडे आता वळतो.

मंडळी, रोजच्या वापराच्या फोनला 90 टक्के वेळा रूट लागतच नाही. हा आकडा माझ्या मनचा, पण दहा वर्षांपूर्वी रूट कशासाठी करायचो ते आठवा. जाहिराती अडवायला? अँड्रॉइड 9 पासून प्रायव्हेट डीएनएस आहे. कंपनीने कोंबलेली ॲप्स काढायला? संगणकाला फोन जोडून एडीबीच्या एका कमांडने ती तुमच्या प्रोफाइलमधून जातात, रूटशिवाय. उरतो तो पूर्ण बॅकअप, काही खास ऑटोमेशन आणि खाज. खाज हे वैध कारण आहे, माझी तक्रार नाही. पण ती जुन्या, ड्रॉवरमध्ये पडलेल्या फोनवर भागवा. ऑफिसातल्या सहकाऱ्याच्या आईचा फोन 'फास्ट करून देतो' म्हणून रूट करू नका. आणि एका टॅपमध्ये रूट देणारी बंद सोर्सची ॲप्स तर बिलकुल नकोत. घराची किल्ली करून द्यायला रस्त्यावर पहिला भेटेल त्याला सांगावं, तसलं ते आहे.

करायचंच असेल तर नीट करा. सगळ्यात पहिलं पाऊल फोन विकत घेण्याआधीचं: त्या मॉडेलचा बूटलोडर अधिकृतपणे उघडतो का, आणि नेमकं सांकेतिक नाव काय, हे बघा. मॉडेलच्या मार्केटिंगच्या नावावर विश्वास नको. रेडमी नोट 4 याच नावाने स्नॅपड्रॅगनवाला आणि मीडियाटेकवाला असे दोन वेगळे फोन होते. एकाची रॉम दुसऱ्यावर टाकली की फोनची वीट. आणि त्या विटेवर विठोबाही येऊन उभा राहत नाही.

दुसरं, अनलॉक करताना सगळं पुसलं जाणार हे गृहीत धरा. फोटो आपल्या लक्षात राहतात, दोन टप्प्यांच्या लॉगिनचे कोड देणारं ऑथेंटिकेटर ॲप राहत नाही. आधी ते दुसरीकडे हलवा. तिसरं, तुमच्या फोनवर आत्ता जी आवृत्ती आहे तिचंच अधिकृत फर्मवेअर आधी उतरवून ठेवा. जुनी आवृत्ती टाकू नका. 2018 मध्ये शाओमीने अँटी-रोलबॅक आणल्यावर रेडमी नोट 5 प्रो वर जुनी रॉम टाकणाऱ्यांचे फोन मेले. पिक्सेल 6 वरही ऑगस्ट 2022 च्या अँड्रॉइड 13 नंतर मागचा रस्ता बंद झाला.

चौथं, रूट करायचं तर मॅजिस्कने त्याच फर्मवेअरमधली बूट इमेज स्वतः पॅच करा. जे फोन अँड्रॉइड 13 घेऊनच बाजारात आले, त्यांत बहुधा 'इनिट बूट' नावाची वेगळी इमेज असते, तिकडे लक्ष द्या. कुणीतरी आयती पॅच करून ठेवलेली इमेज घेऊ नका. फोन परवानगी देत असेल तर ती आधी फक्त तात्पुरती बूट करून बघा, मग कायमची लिहा. पाचवं, आयएमईआय आणि नेटवर्कची माहिती ज्या पार्टिशनमध्ये असते त्यांचा, शक्य असेल तिथे, बॅकअप घ्या. मात्र आयएमईआय बदलण्याच्या फंदात पडू नका. दूरसंचार कायदा 2023 नुसार त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 50 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

आणि शेवटचं, लाल अक्षरात लिहून ठेवण्यासारखं: बदललेली सिस्टिम असताना बूटलोडर पुन्हा लॉक करू नका. कंपनीची मूळ सिस्टिम पूर्णपणे परत टाकल्यावरच, किंवा मालकाची किल्ली मानणाऱ्या फोनवर तशी सोय असलेल्या रॉमसहच लॉक करा. नाहीतर चांगला चालणारा फोन सही जुळत नाही म्हणून उघडणारच नाही.

एवढं करूनही काही गोष्टी गमवाव्या लागतात, त्याही सांगायला हव्यात. काही फोनवर वाइडवाइनची पातळी घसरते आणि सिनेमे एचडीत दिसत नाहीत. लिनिएजओएस अँड्रॉइडचे पॅच देते, पण चिपच्या बंद फर्मवेअरचे पॅच कंपनीने थांबवले की ते तिलाही करता येत नाहीत. हा काही अमृताचा घडा नव्हे.

तरी माझी मागणी अवास्तव आहे असं वाटत नाही. एक: अपडेट कोणत्या तारखेपर्यंत मिळणार आणि बूटलोडर उघडतो की नाही, हे दोन्ही खोक्यावर एमआरपीच्या शेजारी छापा. दोन: ज्या दिवशी अपडेट थांबतील, त्या दिवसापासून अनलॉकची सोय सक्तीची करा. तुम्ही कुलूप सांभाळणार नसाल तर किल्ली देऊन टाका. तीन: मालकाच्या सहीने पुन्हा लॉक करण्याची, ती पिवळी अवस्था, सगळ्या फोनमध्ये द्या. चार: बँकांनी अनलॉक आणि रूट यांत फरक करावा, आणि पॅचची तारीख सहीइतकीच गांभीर्याने बघावी.

हे फक्त आपल्यासारख्यांच्या खाजेसाठी नाही. पिक्सेल 8 किंवा गॅलेक्सी एस24 घेणाऱ्याला सात वर्षांचे अपडेट जाहीर झालेत. त्याचं भागेल. अडकतो तो आठ-दहा हजारांचा फोन पाच-सहा वर्षं पुरवणारा. तुमच्या सोसायटीचा वॉचमन, डबेवाल्या मावशी, गावाकडचे काका. पैसे त्यांचेही यूपीआयवरच असतात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. बॅटरी आणि स्क्रीनचे सुटे भाग मिळावेत हे उत्तमच, पण नवी बॅटरी घालून तोच पॅच नसलेला फोन परत हातात आला, तर अर्धीच दुरुस्ती झाली ना?

असो. पुढच्या वेळी फोन घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला कॅमेरा किती मेगापिक्सेल हे विचारून झाल्यावर हेही विचारा, "अपडेट कधीपर्यंत, आणि बूटलोडर उघडतो का?" तो तुमच्याकडे वेड्यासारखा बघेल. बघू दे. दहा जणांनी विचारलं की अकराव्याला उत्तर देण्यासाठी तो कंपनीच्या माणसाला विचारेल.